वावरातून दिसणारे सूर्याचे शेजारी

जास्त चमकतो तो तारा जास्त जवळ, हा समज मोडायला फेब्रुवारीचा दुसरा आठवडा सगळ्यात चांगला. रात्री साडेनऊच्या सुमारास वावरात जाऊन दक्षिणेकडे तोंड करा. समोर उंचावर, क्षितिजापासून ५० अंशांच्या थोडा वर, पांढराशुभ्र लुकलुकणारा तारा दिसतो तो व्याध. त्याच्या जवळजवळ सरळ खाली, क्षितिजापासून १७ अंशांवर, अगस्त्य. रात्रीच्या आकाशातले हे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाचे तेजस्वी तारे. व्याध ८.६ प्रकाशवर्षांवर आहे, तर अगस्त्य सुमारे ३१० प्रकाशवर्षांवर, म्हणजे छत्तीस पट लांब. व्याध मुळात सूर्याच्या २५ पट तेजस्वी आहे, अगस्त्य दहा हजार पटींहून जास्त. आपल्याला मात्र दोघे एकाच आकाशाला चिकटलेले दिसतात.

सूर्याभोवती १२ प्रकाशवर्षांच्या आत तीसच्या आसपास तारे आहेत. त्यांतले नुसत्या डोळ्यांना दिसू शकतात असे फक्त सात ठिपके: मित्र, व्याध, एप्सिलॉन एरिडानी, ६१ सिग्नी, प्रश्वा, एप्सिलॉन इंडी आणि ताऊ सेटी. बाकी बहुतेक लाल बटू, म्हणजे लहान, थंड आणि मंद तारे. आकाशगंगेतले जवळजवळ तीन चतुर्थांश तारे याच जातीचे, आणि त्यांतला एकही दुर्बिणीशिवाय दिसत नाही. विदर्भ १९ ते २१.५ अक्षांशांच्या दरम्यान असल्यामुळे हे सातही तारे आपल्या क्षितिजाच्या वर येतात. युरोपातल्या बहुतेक हौशी निरीक्षकांच्या नशिबी मित्र ताऱ्याचं दर्शन नाही. आपल्याकडे तो दरवर्षी येतो आणि तरी कोणी बघत नाही, याची मला फार खंत वाटते.

आधी अंतराचा अंदाज घेऊ. एक प्रकाशवर्ष म्हणजे ९.४६ लाख कोटी किलोमीटर, पण या आकड्याने डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही. सूर्य ४ मिलिमीटरचा ज्वारीचा दाणा समजा आणि तो वर्ध्याला ठेवा. पृथ्वी त्याच्यापासून ४३ सेंटीमीटरवर येईल, नेपच्यून १३ मीटरवर. एवढ्यात अख्खी ग्रहमाला आटोपली. पुढचे दाणे थेट चंद्रपूरच्या जवळपास, सुमारे १२० किलोमीटरवर. तिथे साधारण ज्वारीएवढेच दोन दाणे एकमेकांपासून ५ ते १५ मीटरांच्या अंतराने फिरत असतील. त्या जोडीपासून साडेपाच किलोमीटरवर खसखशीपेक्षाही लहान तिसरा दाणा. हा तिसरा म्हणजे प्रॉक्झिमा सेंटॉरी, सूर्याला सगळ्यात जवळचा तारा, ४.२४ प्रकाशवर्षांवर. ती जोडी म्हणजे अल्फा सेंटॉरी ए आणि बी. नुसत्या डोळ्यांना दोघांचा मिळून एकच तारा दिसतो, त्यालाच आपण मित्र म्हणतो. तारकासमूह नरतुरंग.

मित्र बघायचा मोसम एप्रिलच्या मध्यापासून मृगाच्या ढगांपर्यंत. १५ एप्रिलला तो दक्षिणेला सर्वात उंच येतो रात्री सव्वाच्या पुढे, १ मेला सव्वाबारा वाजता, १५ मेला अकरा वीसला, १ जूनला सव्वादहाला. रोज चार मिनिटं लवकर, एवढं लक्षात ठेवलं की मधल्या तारखा काढता येतात. तारखा पाठ करायच्या नसतील तर चित्रा वापरा. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे वाढवला की नारिंगी स्वाती लागते, आणखी पुढे गेलं की निळसर पांढरी चित्रा. चित्रा दक्षिणेला सर्वात उंच आली की तिथून सव्वा तासाने मित्र आपल्या सर्वोच्च जागी येतो. तो क्षितिजावर सव्वासहा-साडेसहा तास असतो, पण पाच अंशांच्या वर जेमतेम चार तास. सर्वोच्च बिंदूच्या तासभर आधी किंवा नंतर बघितलं तर उंचीत एका अंशाचाही फरक पडत नाही, म्हणून घाई नको. मात्र दोन तास उशीर झाला तर तो दिसणं अवघड.

खरी अडचण उंचीची. नागपूरच्या अक्षांशावर मित्र जास्तीत जास्त ८ अंश वर येतो, यवतमाळला पावणेनऊ, अगदी दक्षिणेला सिरोंच्याला सव्वादहा. हात पूर्ण लांब करून मूठ वळली की ती आकाशात सुमारे १० अंश झाकते. तेव्हा क्षितिजावर मूठ ठेवायची आणि मुठीच्या आतच तारा शोधायचा. धुऱ्यावरचं १० मीटर उंच कडुनिंब तुमच्यापासून ६० मीटरवर असेल तर तेच ८ अंश खातं, म्हणजे नागपूरच्या भागात मित्र त्याच्याआडच राहणार. तेच झाड दीडशे मीटरवर असेल तर तीन-सव्वातीन अंशांवर थांबतं. दिवसा उजेडी जागा हेरून ठेवा: दक्षिणेला किमान दीडशे मीटर उघडं वावर किंवा तलावाचं पाणी हवं. तलावाच्या उत्तरेच्या काठावर उभं राहणं उत्तम. दक्षिण दिशा मोबाईलच्या होकायंत्रावर सोडू नका, लोखंडी फाटकाजवळ किंवा मोटारसायकलच्या शेजारी ते चुकतं. ध्रुवतारा पाठीमागे घ्या, समोर दक्षिण.

ओळखायची खूण अशी. मित्राच्या सव्वादोन तास आधी त्रिशंकू दक्षिणेला उभा असतो, पतंगाच्या आकाराचे चार तारे. त्याच्या डावीकडे, थोड्या वेळाने, जवळजवळ एकाच उंचीवर दोन तारे वर येतात, एकमेकांपासून साडेचार अंशांवर. उजवीकडचा मित्रक, डावीकडचा मित्र. मित्रक सुमारे ३९० प्रकाशवर्षांवर आहे, पण दोघे जोडीदार वाटतात. मोकळ्या आकाशात मित्र व्याध आणि अगस्त्य यांच्या खालोखाल तेजस्वी, पण ८ अंशांवर त्याचा प्रकाश डोक्यावरच्या हवेपेक्षा सहा-सात पट जाडीच्या हवेतून येतो. त्यात दीड प्रतीच्या आसपास तेज जातं (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा अंधुक), आणि तो चित्रेएवढा किंवा तिच्याहून थोडा फिका, पिवळट दिसतो. बरेच जण ठळक तारा शोधत राहतात आणि समोरचा मित्र सोडून देतात. मे महिन्यात धूळ असते, जंगलातल्या वणव्यांचा धूर असतो. वळवाची एक सर येऊन गेली की त्यानंतरच्या एक-दोन रात्री दक्षिण क्षितिज धुऊन निघालेलं असतं. मित्रासाठी अशा रात्रीसारखी रात्र नाही.

जागेबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या महाराष्ट्रातल्या भागाला जानेवारी २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं काळोखं आकाश जपणाऱ्या जागेचा, दर्जा मिळाला, देशातला पहिलाच, आणि अंधुक ताऱ्यांसाठी तिथलं आकाश उत्तमच आहे. पण मित्रासाठी पेंच नको. नागपूरचा उजेड नेमका दक्षिणेला पडतो आणि अक्षांशामुळे अर्धा अंशही जातो. कोराडी, मौदा, तिरोडा, चंद्रपूर यांपैकी कोणत्याही औष्णिक केंद्राच्या उत्तरेला उभं राहू नका, दक्षिणेला जा. गडचिरोलीचा दक्षिण भाग, राजुरा-जिवतीकडचे माळ, यवतमाळची पैनगंगेकडची गावं या कामाला सरस.

रात्री वावरात जाताना काही गोष्टींत हयगय नको. ज्याचं वावर आहे त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका, कारण रानडुकरांसाठी धुऱ्याच्या तारेत करंट सोडलेला असू शकतो आणि त्याने माणसं मेली आहेत. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर साप बाहेर असतात, पायात गमबूट हवेत आणि चालताना टॉर्च जमिनीवरच धरावा. जंगलाला लागून असलेल्या गावात वावरात जाऊच नका, शाळेची किंवा घराची गच्ची पुरते. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागदाच्या दोन-तीन घड्या रबराने बांधा. अंधाराला डोळे सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात आणि मोबाईलच्या पांढऱ्या पडद्याकडे एकदा बघितलं की तो सगळा वेळ वाया जातो.

मित्राचे दोन भाग वेगळे दिसावेत असं वाटत असेल तर ६० मिलिमीटरची दुर्बीण आणि साठ-सत्तर पट वर्धन पुरतं. हे दोन तारे एकमेकांभोवती ७९.९ वर्षांत फेरी पूर्ण करतात, त्यामुळे आपल्याला दिसणारं त्यांच्यातलं अंतर बदलत राहतं. २०१६च्या सुमारास ते चार विकलांपर्यंत (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) आलं होतं, २०२९ पर्यंत दहा विकलांच्या जवळ जाईल. म्हणजे सध्याची वर्षं सोयीची आहेत. तरीही जमत नाही तेव्हा दोष बहुतेक वेळा हवेचा असतो. दिवसभर तापलेली काळी जमीन, टिनाचं छप्पर, डांबरी रस्ता रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतात आणि त्यावरची हवा थरथरते, तारा उकळल्यासारखा दिसतो. ओलिताच्या संत्र्याच्या बागेपलीकडे किंवा पाण्यावरून बघितलं तर चित्र बरंच स्थिर राहतं. दुर्बीण घरातून काढून चाळीस मिनिटं बाहेर ठेवा, तिची काच आणि आतली हवा बाहेरच्या तापमानाला येऊ द्या. मगच डोळा लावा. हा तारा जोडतारा आहे हे भारतातूनच कळलं: १६८९च्या डिसेंबरात पुदुच्चेरीला धूमकेतू बघत असताना फ्रेंच धर्मगुरू झां रिशो यांना तो दोन भागांत दिसला.

प्रॉक्झिमा मात्र या जोडीपासून सव्वादोन अंश दूर आणि अकराव्या प्रतीचा. आपल्या क्षितिजाच्या इतक्या जवळ तो लहान दुर्बिणीला दिसणार नाही, त्याच्यामागे रात्र घालवू नका. १९१५ मध्ये रॉबर्ट इनेस यांनी तो शोधला आणि २०१६ मध्ये त्याच्याभोवती पृथ्वीच्या जवळपास वस्तुमानाचा ग्रह सापडला, ११.२ दिवसांत फेरी मारणारा. पण प्रॉक्झिमा वारंवार भडकणारा तारा आहे, एवढ्या जवळून ते भडके झेलत त्या ग्रहावर हवा टिकली असेल का, हा प्रश्न मोकळाच आहे. मोठ्या जोडीतल्या ए ताऱ्याभोवती २०२५ मध्ये जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला ग्रहाची संभाव्य खूण मिळाली, ती अजून नक्की झालेली नाही.

पावसाळा संपला की ऑक्टोबरात ६१ सिग्नी घ्यावा. १५ ऑक्टोबरच्या आसपास संध्याकाळी पावणेआठला तो डोक्यावर, थोडा उत्तरेकडे असतो. हंस तारकासमूहाच्या शेपटीचा ठळक तारा, हंसाच्या छातीतला तारा आणि पूर्वेकडच्या पंखातला तारा हे तीन कोपरे धरून समांतरभुज चौकोन पुरा केला की चौथ्या कोपऱ्यावर जो अंधुक तारा आहे तोच. १०×५० ची (दहा पट वर्धन, ५० मिलिमीटरची काच) द्विनेत्री तिवईवर किंवा खाटेच्या पट्टीवर टेकवा, हातात धरलेली चालणार नाही. ३१ विकलांवरचे दोन नारिंगी ठिपके वेगळे होतात. सोयाबीनच्या मळणीचे दिवस असतात, यंत्राची धूळ गावावर साचते, म्हणून मळणी चालू असलेल्या वावरापासून वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसा.

या साध्या ताऱ्याचं महत्त्व फार मोठं आहे. १८३८ मध्ये फ्रिडरिश बेसेल यांनी याचंच अंतर मोजलं, आणि दुसऱ्या कुठल्याही ताऱ्याचं अंतर खात्रीने मोजलं जाण्याची ती पहिली वेळ. पद्धत सोपी आहे. पृथ्वी सहा महिन्यांनी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला, ३० कोटी किलोमीटर लांब जाते, तेव्हा जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. त्या सरकण्याच्या निम्म्या कोनाला पराशय म्हणतात. ३.२६ ला पराशयाच्या विकलांनी भागलं की प्रकाशवर्षं मिळतात. ६१ सिग्नीचा पराशय ०.२८६ विकला, भागून बघा, ११.४ येतात. मित्राचा पाऊण विकला. एका अंशाच्या ३६०० भागांतला एक भाग म्हणजे विकला, म्हणून शतकानुशतकं हे कुणाला जमलं नव्हतं. २०१३ मध्ये अवकाशात गेलेल्या गाया यानाने हेच काम अब्जाहून जास्त ताऱ्यांसाठी केलं.

एप्सिलॉन इंडीवर मी वेळ घालवत नाही. ऑक्टोबरात रात्री पावणेनऊला तो जेमतेम १२-१३ अंश वर येतो, ४.७ प्रतीचा आहे आणि धुळीत हरवतो.

डिसेंबरात मात्र सूर्यासारखे दोन शेजारी भेटतात. १० डिसेंबरला रात्री पावणेनऊच्या सुमारास ताऊ सेटी दक्षिणेला ५३ अंशांवर असतो. तो शोधायला आधी तिमिंगल समूहातला सर्वात ठळक तारा धरा, दुसऱ्या प्रतीचा, त्या भागात एकटाच उठून दिसतो. त्याच्यापासून दीड मूठ पूर्वेला, किंचित वर सरकलं की ३.५ प्रतीचा ठिपका सापडतो, तोच ताऊ सेटी. ११.९ प्रकाशवर्षं. पावणेदोन तासांनी एप्सिलॉन एरिडानी त्याच दिशेला येतो. तो शोधायला मृगाच्या पायाशी असलेला निळसर राजन्य धरा आणि तिथून अडीच मुठी पश्चिमेला, जवळजवळ त्याच पातळीत जा. इथे दोन सारखेच तारे शेजारी दिसतात, अडीच अंशांवर, आणि बहुतेक जण चुकतात ते इथेच. पश्चिमेकडचा, म्हणजे दक्षिणेकडे तोंड केल्यावर उजवीकडचा, आपला शेजारी, साडेदहा प्रकाशवर्षांवर. डावीकडचा जवळजवळ तीस प्रकाशवर्षांवर आहे. १९६० मध्ये फ्रँक ड्रेक यांनी परग्रहावरच्या संदेशांसाठी पहिल्यांदा रेडिओ दुर्बीण लावली ती ताऊ सेटी आणि एप्सिलॉन एरिडानी याच दोन ताऱ्यांकडे.

आकाश पुरेसं काळं आहे का हे आधी कृत्तिकांवर तपासा. सहा तारे मोजता आले तर हे दोन्ही दिसतील. हायमास्टच्या उजेडात तीन-चारच दिसत असतील तर जागा बदला. थंडीत दव पडतं, पूर्वेकडच्या धानपट्ट्यात धुकंही. द्विनेत्रीच्या पुढे काळ्या कार्डशीटची नळी लावा, काचेच्या व्यासाच्या दीडपट लांब. काच धूसर झाली तर तोंडाने फुंकर घालू नका आणि उपरण्याने घासू नका, अंगाशी धरून ऊब द्या.

थोडं लांब जाऊ. शेतकऱ्यांच्या ओळखीची नक्षत्रं पावसाच्या हिशेबातली, म्हणून रोहिणी किंवा मृग लागल्यावर ती आकाशात शोधू नयेत. तेव्हा सूर्यच त्या भागात असतो. जानेवारीच्या संध्याकाळी रोहिणी वर असते तेव्हा बघा: लालसर रोहिणीभोवती व्ही अक्षरासारखा ताऱ्यांचा पुंजका आहे, पण रोहिणी त्यातली नाही. ती सुमारे ६५ प्रकाशवर्षांवर, पुंजका १५० च्या पुढे. सप्तर्षींचं उलट आहे. पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरस आणि वसिष्ठ हे पाच तारे एकाच ढगातून जन्मलेले, सुमारे ८० प्रकाशवर्षांवरून एकाच दिशेने चाललेले. क्रतू आणि मरीची हे दोघे त्या कुटुंबाबाहेरचे, त्यांच्यापेक्षा लांब आणि वेगळ्या वाटेने जाणारे. हजारो वर्षांनी ही आकृती मोडेल ती या दोघांमुळे.

शेजारच्या यादीत अजूनही भर पडते आहे. मित्र आणि बर्नार्डचा तारा यांच्यानंतरचा तिसरा जवळचा शेजारी, ६.५ प्रकाशवर्षांवरची तपकिरी बटूंची (ताऱ्यासारखे पेटण्याएवढं वस्तुमान नसलेल्या गोळ्यांची) जोडी लूमन १६, २०१३ पर्यंत कुणाला माहीतच नव्हती. पुढच्याच वर्षी ७.४ प्रकाशवर्षांवर आणखी एक मिळाला, इतका थंड की त्याचं तापमान पाण्याच्या गोठणबिंदूच्या आसपास आहे. हे आपल्या दुर्बिणीत येणारे नाहीत.

बर्नार्डचा तारा मात्र येतो, आणि ७०-८० मिलिमीटरची दुर्बीण असलेल्या प्रत्येकाने तो करावाच. जवळजवळ सहा प्रकाशवर्षांवर, ९.५ प्रतीचा, भुजंगधारी समूहात. एप्रिल-मेमध्ये पहाटे, ऑक्टोबरात दिवेलागणीनंतर लगेच पश्चिमेला. २०२५ पर्यंत त्याच्याभोवती चार छोटे ग्रह निश्चित झाले. सगळ्या ताऱ्यांमध्ये तो आकाशात सर्वात वेगाने सरकतो, वर्षाला १०.३ विकला. स्टेलॅरियमसारख्या मोफत प्रणालीत गावाचे अक्षांश-रेखांश टाका, त्या भागाचा दहाव्या-अकराव्या प्रतीपर्यंतचा नकाशा छापून घ्या, पांढऱ्यावर काळे ठिपके, लाल उजेडात वाचता येतील असे. दुर्बिणीत उलटं किंवा आरशातलं चित्र दिसतं, तेव्हा नकाशाही तसाच फिरवून छापा, नाहीतर जुळवता जुळत नाही. मग जाड कागदावर पाच सेंटीमीटरचं वर्तुळ काढून दिसणारे तारे पेन्सिलने मांडा, आकाराने लहानमोठे, खाली तारीख, वेळ, वर्धन आणि उत्तर दिशा. पाच वर्षांनी तोच भाग त्याच वर्धनाने पुन्हा काढा. तारा ५० विकला उत्तरेकडे गेलेला असेल, आणि शेजारच्या दोन-तीन ताऱ्यांशी झालेला त्याचा त्रिकोण बदललेला स्पष्ट कळेल.